हात न लावता मदत

जिल्हा परिषदेच्या शाळेत स्मार्ट टीव्ही येतो तेव्हा त्याच्याबरोबर रिमोट येतो, वॉरंटी कार्ड येतं आणि टीव्ही कोणाच्या देणगीतून आला हे सांगणारी पाटीही भिंतीवर चढते. तो अडला तर बघणारा माणूस मात्र येत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत पट 60 पर्यंत असेल तर शिक्षक दोनच. म्हणजे एकेका बाईंकडे दोन-तीन इयत्ता एकत्र. चौथीला परिसर अभ्यासाचा व्हिडिओ दाखवायचा, तेवढ्यात दुसरीकडून उजळणी करून घ्यायची, आणि नेमकं तेव्हाच पडद्यावर ‘नो सिग्नल’ उमटतं. बाई केबल काढून पुन्हा लावतात, रिमोटची चार बटणं दाबून बघतात, वर्गात कालवा सुरू होतो आणि शेवटी बाई खडू हातात घेतात. असं तीनदा झालं की टीव्हीवर जे कापड पडतं ते पुढच्या तपासणीपर्यंत निघत नाही.

हे कापड काढायला वर्गातली मुलंच पुरेशी असतात. तिसरी ते पाचवीतल्या काही मुलांना नीट शिकवून तयार केलं, तर रोजच्या अडचणींपैकी बऱ्याचशा ती सोडवतात. काही शाळांत मुलांचं मंत्रिमंडळ असतं. तिथे स्वच्छतामंत्री आणि आरोग्यमंत्र्यांच्या जोडीला एक तंत्रज्ञानमंत्री नेमता येतो. अशा मुलांना मी तंत्रमित्र म्हणतो. नाव काहीही ठेवा, पण नेमणूक करून फोटो काढला आणि काम झालं, असं होत नाही. ही गोष्ट चालवावी लागते.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया गावी डेनिस हार्पर यांनी 1990च्या दशकात ‘जनरेशन यस’ हा उपक्रम उभा केला. शिक्षकांना संगणक शिकवायला बाहेरून तज्ज्ञ आणण्याऐवजी शाळेतल्याच विद्यार्थ्याची एका शिक्षकाशी जोडी लावायची, असा तो बेत होता. दोघांनी मिळून एक पाठ तयार करायचा. काय शिकवायचं ते शिक्षक ठरवणार, यंत्राची बाजू विद्यार्थी सांभाळणार. आपल्याकडे केरळने जानेवारी 2018 मध्ये ‘लिटल काइट्स’ सुरू केलं. राज्याच्या ‘काइट’ या संस्थेमार्फत सरकारी आणि अनुदानित हायस्कुलांत मुलांचे गट तयार झाले. चाचणी घेऊन निवड, प्रत्येक गटाला मार्गदर्शक शिक्षक, आणि शिकायला ॲनिमेशनपासून मल्याळम टंकलेखन, हार्डवेअर आणि सायबर सुरक्षेपर्यंत सगळं. मात्र तो आठवीच्या पुढचा मामला आहे. नऊ वर्षांच्या मुलासाठी तोच अभ्यासक्रम छोटा करून चालत नाही. त्याचं काम वेगळं आणि बरंच साधं आहे.

आणखी एक प्रयोग शिक्षकांना ठाऊक असतो. 1999 मध्ये सुगत मित्रा यांनी दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतली मुलं कोणी न शिकवता तो वापरायला शिकली. भाषणांत हा किस्सा हमखास येतो. त्यावर पुढे घेतलेले आक्षेप मात्र भाषणांत येत नाहीत. मार्गदर्शन नसल्यामुळे मुलांचा बराच वेळ खेळात आणि चित्रं रंगवण्यात जात होता, आणि संगणकासमोर दांडगट मुलगेच ठाण मांडत, असं टीकाकारांनी दाखवून दिलं. मुलं एकमेकांकडून भराभर शिकतात हे खरंच आहे, पण कोणी लक्ष घातलं नाही तर कोपऱ्यातली मुलगी कोपऱ्यातच राहते, हेही तितकंच खरं आहे. तंत्रमित्रांची सगळी रचना या दोन गोष्टी ध्यानात ठेवून करायची असते.

पहिला प्रश्न निवडीचा. ‘मोबाइलमध्ये कोण हुशार आहे?’ असं वर्गाला विचारू नका. ज्याच्या घरी फोन आहे, जो दिवसभर गेम खेळतो, त्याचंच नाव सगळे घेतील. पहिल्या नंबरचं मूलही आपसूक घेऊ नका. त्याच्या गळ्यात आधीच वर्गप्रमुखपद, स्पर्धा परीक्षा आणि परिपाठातली बातमी असते. त्याऐवजी पाव तासाचा एक खेळ घ्या. पाच-सहा जणांना टॅबलेटवर एक छोटी कृती शिकवा, उदाहरणार्थ पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपमधून उघडणं. मग प्रत्येकाला एकेक जोडीदार द्या आणि सांगा, ‘आता हे याला शिकव.’ तुम्ही लांब उभे राहा. कोण भराभर करतं ते बघू नका. कोणाला थांबता येतं, जोडीदार चुकला तरी कोण हसत नाही, कोण दुसऱ्यांदा तेच वेगळ्या शब्दांत सांगतं, ते बघा. कामाचं मूल त्यात दिसतं. अनेकदा ते मूल वर्गात फारसं बोलणारंही नसतं.

एका इयत्तेतून दोघं घ्या, एकटं मूल नको. एक गैरहजर असलं तर दुसरं आहे, आणि दोघं असली की एकमेकांना टोकतात. शक्यतो जोडीत एक मुलगी असावी, आणि पहिल्या सत्रात रिमोट तिच्याकडे असावा. हे मुद्दाम करावं लागतं. केबल म्हटली की मुलगे उठतात आणि वही म्हटली की ती मुलीकडे जाते. शाळेबाहेरची ही सवय शाळेत आपोआप येते.

आता शिकवायचं काय? इथे उत्साही सर चुकतात. पहिल्याच आठवड्यात ते कोडिंग काढतात. वर्ग बंद पडतो तो कोडिंग येत नसल्यामुळे नाही, टीव्ही भलत्याच इनपुटवर असल्यामुळे. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे फक्त एवढंच शिकवा: पडदा काळा असेल किंवा आवाज येत नसेल तर कुठून कुठे बघत जायचं.

घरी नळाला पाणी आलं नाही तर आपण आधी टाकी बघतो, मग व्हॉल्व्ह, मग तोटी. इथेही तसंच. पहिलं, टीव्हीवरचा छोटा दिवा लागलाय का? नसेल तर वीज नाही किंवा बटण बंद आहे, आणि ते काम मोठ्यांचं. दिवा आहे, पडद्यावर ‘नो सिग्नल’ आहे? मग टीव्ही ठणठणीत आहे, फक्त तो ज्या वाटेकडे डोळे लावून बसलाय त्या वाटेने चित्र येत नाही. रिमोटवर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ असं बटण असतं. केबल मागे एचडीएमआय 2 मध्ये आणि टीव्ही एचडीएमआय 1 वर, असं झालं की हीच पाटी दिसते. ज्या भोकात केबल आहे तोच आकडा पडद्यावर निवडायचा. तरीही चित्र नाही? केबलचं लॅपटॉपकडचं टोक सैल आहे का ते बघायचं. तेही घट्ट असेल तर लॅपटॉपच्या कीबोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण दाबून धरायचं आणि ‘पी’ दाबायचं. चार पर्याय दिसतात. त्यातला ‘डुप्लिकेट’ निवडला की लॅपटॉपवर जे दिसतं तेच पडद्यावर दिसतं. कोणीतरी आदल्या दिवशी ‘एक्स्टेंड’ करून ठेवलेलं असतं, म्हणून पडद्यावर नुसता निळा देखावा येतो आणि बाईंचा व्हिडिओ लॅपटॉपमध्येच अडकून बसतो.

आवाजाची गंमत निराळी. एचडीएमआय केबल चित्राबरोबर आवाजही नेते. त्यामुळे ती जोडली की लॅपटॉप बहुधा आपले स्पीकर सोडून देतो आणि आवाज पलीकडे पाठवतो. पलीकडे टीव्ही असेल तर ठीक. पण स्पीकर नसलेला प्रोजेक्टर असेल तर आवाज तिथे जाऊन विरतो, आणि वर्गाला वाटतं स्पीकर जळला. उपाय अर्ध्या मिनिटाचा: लॅपटॉपवर खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज कुठून हवा ते निवडायचं. चौथीतल्या मुलाला ही युक्ती एकदा कळली की ते ती विसरत नाही, कारण सगळा वर्ग त्याच्याकडे बघत असताना ती चालते.

प्रोजेक्टर दिव्याचा असेल तर आणखी एक सवय लावायची. बंद करताना रिमोटने बंद करायचा आणि आतला पंखा थांबेपर्यंत मेन स्विच बंद करू द्यायचा नाही. गरम दिव्याचा वारा एकदम तोडला तर त्याचं आयुष्य कमी होतं, आणि नवीन दिवा ही शाळेच्या सादिल अनुदानातून सहज येणारी वस्तू नाही. शाळा सुटल्याच्या घाईत नेमकं हेच राहून जातं, म्हणून पंखा थांबेपर्यंत तिथे उभं राहणं हे तंत्रमित्राचं काम.

पुस्तकातल्या क्यूआर कोडचंही थोडं सांगायला हवं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, ती कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. 2020 मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटली. हे कोड ज्यावर उघडतात ते ‘दीक्षा’ हे केंद्र सरकारचं व्यासपीठ सप्टेंबर 2017 मध्ये सुरू झालं. वर्गात अडचण येते ती अशी: पान चुरगळलेलं, खोलीत उजेड कमी, टॅबलेटचा कॅमेरा धुरकट. मुलं दहा वेळा तोच कोड धरून बसतात. तंत्रमित्राला माहीत हवं की कोडच्या खाली अक्षरं आणि आकडे मिळून सहा चिन्हं छापलेली असतात आणि तीच ॲपमध्ये टाइप केली की तोच पाठ उघडतो. शिवाय व्हिडिओ आधी उतरवून ठेवता येतो. रेंज गावच्या टेकडीवरच मिळत असेल तर बाईंनी आदल्या संध्याकाळी उतरवून आणायचा आणि सकाळी तंत्रमित्रांनी तो चालतोय का हे परिपाठाच्या आधी बघून ठेवायचं.

हे झालं यंत्रांचं. अवघड भाग पुढेच आहे, तो माणसांचा.

तंत्रमित्राचा एक नियम सगळ्यात वर: मदत करताना हात पाठीमागे बांधायचे. दुसऱ्याच्या टॅबलेटला बोट लावायचं नाही. बोलूनच सांगायचं. मुलांना हा नियम जाचतो, कारण स्वतः केलं तर दोन सेकंदांत होतं. पण त्या दोन सेकंदांत समोरच्या मुलाच्या पदरात काहीच पडत नाही आणि उद्या ते पुन्हा हाक मारतं. नियम मुरला की संवाद साधारण असा होतो. दुसरीतली मुलगी म्हणते, ‘ताई, हे गेलं. चित्रच गेलं.’ पाचवीतली तंत्रमित्र वाकून बघते, हात पाठीशी. ‘गेलं नाही गं, लपलंय. खाली तीन खुणा दिसतात का? उजवीकडची कशी आहे?’ ‘चौकोनी.’ ‘ती दाब, आणि तुझ्या चित्रावर बोट ठेव. आता काय आलं?’ ‘माझं फूल!’ ‘बघ. पुढच्या वेळी गेलं तर काय करशील?’ ‘चौकोन.’ एवढंच. पण यात पाचवीतल्या मुलीने काय केलं ते बारकाईने पाहा. तिने आधी भीती घालवली, मग समोरचीला निरीक्षण करायला लावलं, कृती तिच्याकडून करून घेतली आणि शेवटी तिच्याकडून वदवून घेतलं. डी.एड.च्या पाठात आपण हेच शिकलो होतो.

वर्गालाही एक क्रम लावून द्यायचा. अडलं की आधी स्वतः दोनदा बघायचं, मग शेजाऱ्याला विचारायचं, मग तंत्रमित्राला, आणि सगळ्यांत शेवटी बाईंना. हा क्रम नसेल तर तंत्रमित्र वर्गभर नाचत राहतो आणि त्याचं स्वतःचं गणित राहून जातं.

शिक्षकांना मदत करायची तर बेतानेच घ्यावं लागतं. तीस वर्षं शिकवलेल्या गुरुजींना वर्गादेखत दहा वर्षांच्या पोराने ‘सर, असं नाही, असं’ म्हणणं कोणाला आवडेल? ही अडचण खोटी नाही आणि तिला अहंकार म्हणून झटकू नये. उपाय वेळेचा आहे. तंत्रमित्रांनी परिपाठाच्या आधी दहा मिनिटं यायचं, आजचा तास कोणता ते विचारायचं आणि जोडणी करून ठेवायची. वर्ग भरल्यावर गुरुजींना फक्त ‘प्ले’ दाबायचं असतं. मध्येच अडलं तर मुलाने उठून पुढे धावायचं नाही. गुरुजींनी बोलावलं तरच जायचं. उलट, ज्या बाई वर्गासमोर मोकळेपणाने ‘अरे, हे मला जमत नाहीये, जरा सांग बरं’ म्हणतात, त्यांच्या वर्गात मुलंही न लाजता विचारतात. पण हे कोणावर लादता येत नाही.

आठवड्याला एकदा मधल्या सुट्टीतली पंधरा मिनिटं तंत्रमित्रांना शिकवण्यासाठी पुरतात. त्यापेक्षा जास्त घेऊ नका. पोषण आहार खाऊन खेळायचा वेळ कोणत्याही मुलाकडून काढून घेण्याचा आपल्याला हक्क नाही, तंत्रमित्राकडूनही नाही.

एक वही ठेवा. शंभर पानी साधी वही, तारखेला एक ओळ: काय अडलं, काय केलं, चाललं का. ‘आवाज नाही. रिमोटवर म्यूट होतं. चाललं.’ ‘टॅब 4 चार्ज होत नाही. वायर बदलली. नाही चाललं. सरांना सांगितलं.’ शुद्धलेखन तपासू नका, नाहीतर मुलं लिहायचं बंद करतील. महिन्याच्या शेवटी मुख्याध्यापकांनी ती वही वाचावी. तोच टॅब पाच वेळा आला असेल तर तो दुरुस्तीला टाकावा. तीच चूक पाच वेगवेगळ्या मुलांनी केली असेल तर ती गोष्ट सगळ्या वर्गाला एकदा शिकवावी. तंत्रमित्रांना कमी हाका येऊ लागल्या तर उपक्रम चालला. जास्त येऊ लागल्या तर कुठेतरी तंत्रमित्र सांगण्याऐवजी करून देतायत.

आता मनाई. इथे मी कडक आहे, आणि शाळेनेही असावं. तंत्रमित्र प्लग, एक्स्टेन्शन बोर्ड आणि इन्व्हर्टरला हात लावणार नाही. प्रोजेक्टर छताला असेल तर बाकावर चढणार नाही. टॅबलेटची पाठ फुगलेली दिसली किंवा हाताला फार गरम लागली तर तो जागेवर ठेवून मोठ्यांना बोलावणार, कारण फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. मे महिन्याच्या सुट्टीआधी टॅबलेट साधारण अर्धे चार्ज करून, बंद करून, थंड जागी ठेवायचे. पूर्ण उतरलेल्या स्थितीत दोन महिने पडले तर बॅटऱ्या मरू शकतात. हे ठेवणं मोठ्यांचं, मोजून नोंद करणं मुलांचं.

आणि पासवर्ड. शिक्षकांवर ऑनलाइन माहितीचा केवढा भार आहे हे शाळेत पाय ठेवणाऱ्या कोणालाही दिसतं. पट, हजेरी, पोषण आहार, ‘यूडायस’, ‘सरल’: रोज काहीतरी भरायचं असतं. तंत्रात तरबेज झालेलं मूल समोर बसलेलं असतं आणि मोह होतो, ‘एवढं टाक रे जरा.’ हे करू नका. त्यात सगळ्या मुलांचे आधार क्रमांक, जातीच्या नोंदी आणि बँकेचा तपशील असतो. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती हवी असं सांगितलं आहे. एका मुलाला बाकीच्यांची माहिती दाखवणं हे कायद्याच्याही आधी साध्या सभ्यतेत बसत नाही. बाईंचा मोबाइल बाईंच्याच हातात राहील. वर्गातले फोटो मूल काढणार नाही आणि कुठल्याही गटावर टाकणार नाही.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हे सगळं आधी सांगावं. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, आणि त्यांची पहिली शंका ठरलेली असते: ‘टॅब फुटला तर पैसे कोण भरणार?’ उत्तर स्पष्ट द्या, आणि इतिवृत्तात लिहून ठेवा, की शिकवल्याप्रमाणे काम करताना झालेलं नुकसान शाळेचं, मुलाचं नाही. हे लिहिलं नाही तर मजुरीवर जाणारी आई आपल्या मुलीला ‘त्या टीव्हीजवळ जाऊ नकोस’ असंच सांगेल, आणि तिचं चुकत नाही. मग तंत्रमित्र फक्त फोनवाल्या घरांतून येतील.

जोड्या सत्रागणिक बदला. जून ते दिवाळी एक, दिवाळीनंतर दुसरी. बदलताना दोन आठवडे जुनी आणि नवी जोडी बरोबर काम करू द्या. त्या काळात शिक्षकांनी काही शिकवू नये, जुन्या जोडीनेच शिकवावं. बॅज हवा तर द्या, प्रमाणपत्र वर्षाअखेरीला द्या. पण वर्षानुवर्षे एकच ‘टेक्निकल पोरगा’ ठेवू नका. तो शाळेचा हक्काचा हमाल होतो आणि बाकीच्यांना वाटतं हे आपलं काम नाही.

राहता राहिला एक हिशेब, जो बहुतेक शाळा विसरतात. चौथी-पाचवीपर्यंतच्या शाळेत सगळ्यांत तयार झालेली मुलं मे महिन्यात दाखला घेऊन निघून जातात. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा टीव्ही तोच असतो, पण सोर्सचं बटण ठाऊक असलेलं कोणी नसतं. म्हणून दिवाळीनंतरच्या जोड्यांत एक तरी जोडी तिसरीतली असू द्या, आणि ती वही दाखल्यांबरोबर कपाटात जाणार नाही, टीव्हीशेजारीच राहील, एवढं बघा.